जुन्या हत्यारांना धार लावताना या चुका टाळा

भंगाराच्या भावाने मिळालेली जुनी पटाशी किंवा रंध्याचे पाते पुष्कळदा आजच्या स्वस्त नव्या हत्यारापेक्षा चांगल्या पोलादाचे असते. वर्षानुवर्षांच्या गंजाने त्याचे जेवढे नुकसान झालेले नसते, तेवढे ते घरी आणल्यावर पहिल्या तासाभरात होते, आणि याला बहुतेक वेळा ग्राइंडर कारणीभूत असतो.

साध्या कार्बन पोलादाच्या हत्याराला दिलेले पाणी, म्हणजे तापवून थंड करून आणलेला कडकपणा, साधारण 200 ते 230 अंश सेल्सिअसच्या पुढे उतरू लागते, आणि धारेची कड इतकी पातळ असते की सुक्या चाकावर जोराने दाबल्यास ती काही सेकंदांत तेवढी तापते. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि 300 अंशांच्या आसपास निळा रंग चढतो. निळे दिसले की तेवढा भाग मऊ पडला असे समजावे.

काही वर्षांपूर्वी मी पुण्याच्या जुन्या बाजारातून पाऊण इंची पटाशी आणली होती. शेजारच्या एका तरुणाने "काका, दोन मिनिटांत करून देतो" म्हणून ती नेली, टोकाला निळी पट्टी उमटल्यावर ती पॉलिश पेपरने घासून काढली आणि आरशासारखी चकचकीत पटाशी मला परत दिली. दुसऱ्या दिवशी सागवानी चौकटीत बिजागरीची खाच घेताना तिसऱ्याच ठोक्याला तिची धार दुमडली. रंग घासून निघतो, मऊपणा निघत नाही. तो जळका भाग दगडावर हाताने झिजवण्यात माझ्या पाच संध्याकाळी गेल्या.

तेव्हापासून चाकाशेजारी पाण्याचा डबा असल्याशिवाय मी ग्राइंडर सुरू करत नाही. पाते धारेजवळ उघड्या बोटाने धरतो आणि बोटाला कढत लागताच ते पाण्यात बुडवतो. कड चाकावर पूर्ण पातळ न करता अर्धा मिलिमीटर जाडी राखतो आणि उरलेले काम दगडावर करतो. वेळ लागतो, आणि तेवढा वेळ ज्यांना द्यायचा नाही त्यांनी दुसऱ्याच्या हत्याराला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक पाठीची. धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेषा, हे विसरून लोक फक्त उतार, म्हणजे धारेकडची तिरपी बाजू, घासत बसतात आणि पाठीवरचे, म्हणजे मागच्या सपाट बाजूवरचे, गंजाचे खड्डे तसेच ठेवतात. असा खड्डा कडेपर्यंत पोहोचला की धारेला दाता पडतो. मी जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून, आधी 120 नंबर आणि मग क्रमाने 1000 पर्यंत, पाठीचा टोकाकडचा दोन-तीन सेंटिमीटर भाग सपाट करतो. पाठीवर मार्करने रेघा मारून घासले की जिथे शाई उरते तिथे खोलगट आहे, हे लगेच कळते. त्यानंतर उतार घासताना मागच्या बाजूला बारीक वळलेली कड बोटाला पूर्ण रुंदीभर खरखरीत लागेपर्यंत थांबू नये. नवशिके नेमके त्याच्या आधी कंटाळतात.

गंज काढायला संडास साफ करण्याचे ॲसिड वापरू नका, कारण ते पोलाद खाते आणि त्याच्या वाफेने खोलीतली बाकीची हत्यारेही गंजतात. व्हिनेगरमध्ये एक रात्र पुरते. नंतर ब्रशने घासून, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, पूर्ण कोरडे करून लगेच तेल लावावे. करवतीच्या दात्यांवर तिकोनी कानस फक्त पुढे ढकलावी, दाबून मागे ओढू नये. छिन्नीचे ठोकून पसरलेले डोके आधी घासून काढावे, कारण त्याची कपची उडून डोळ्यात जाते. तडकलेल्या मुठीला टेप गुंडाळू नये, नवी बसवावी. मुठीला जवसाचे तेल चोळलेली फडकी गोळा करून ठेवू नयेत, कारण ती आपोआप पेट घेतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, धार लावलेले पाते चामड्याच्या म्यानात ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. मी मशीनच्या तेलाचा हात फिरवून पाती सुती कापडात गुंडाळतो आणि दर पंधरा दिवसांनी उघडून पाहतो.