मासिकाची वर्गणी आणि देणगी वेगळी केली, माझा अनुभव

आमचं राजकीय मासिक ट्रस्ट चालवतं, मी हिशोब बघते. वर्गणी अन् देणगी एकाच वहीत, एकाच पावतीबुकात जायची, आणि ऑडिटच्या वेळी सीएंनी विचारलं की अमेरिकेतून आलेले हे पैसे नेमके कसले, तर मला सांगताच येईना. पोटात गोळाच आला, कारण एफसीआरए २०१० (परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) च्या कलम ३ प्रमाणे नोंदणीकृत वृत्तपत्राच्या, त्यात आमच्यासारखं मासिकही आलं, प्रकाशकाला परदेशी देणगी घेताच येत नाही. पण अंकाची रीतसर वर्गणी म्हणजे मालाची किंमत, ती देणगी धरत नाहीत. आणि भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसेही परदेशी धरत नाहीत, भले तो न्यू जर्सीत राहू दे. म्हणजे सगळं नागरिकत्वावर, पत्त्यावर नाही!

मग दोन पावतीबुकं केली, दोन क्यूआर कोड, आणि देणगीच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न नागरिकत्वाचा. ओसीआय कार्डवाल्यांना, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या वाचकांना, मी स्वतः फोन करून सांगते, देणगी नको, वर्गणी भरा, हवं तर गावाकडच्या वाचनालयाच्या नावानं अंक चालू करा. बऱ्याच जणांनी लगेच केलं, खूप बरं वाटलं. आणि हो, रॅपरवर पत्त्याखाली आता वर्गणी संपायचा महिना छापतो.