शेक आणि पोटीस: जुन्या कृती करून पाहताना या चुका टाळा

ठणकणाऱ्या गळवाला शेक द्यावा, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेत स्वेदाचे, म्हणजे शेकून घाम आणण्याचे, ताप, ऊष्म, उपनाह आणि द्रव असे चार प्रकार सांगितलेत. त्यातला उपनाह म्हणजे गरम लेप बांधून ठेवणं, म्हणजेच पोटीस. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय रुग्णालयांत अळशीच्या पिठाचं पोटीस रोजचंच होतं.

या कृती फसतात त्या बहुतेक एकाच समजुतीपायी: गुण पिठात आहे. पीठ फक्त ऊब आणि ओल धरून ठेवतं. त्या उबेनं त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ठणका उतरतो. म्हणून पोटीस पातळ होऊन ओघळलं किंवा पाच मिनिटांत गार पडलं, तर ते बांधलं न बांधलं सारखंच. उकळत्या पाण्यात पीठ थोडं थोडं भुरभुरत ढवळायचं. गोळा भांड्याची कड सोडायला लागला की उतरवायचं, फडक्यावर जाडसर पसरायचं, कडा आत दुमडायच्या आणि बांधल्यावर वरून कापूस लावायचा.

मोहरीचं मात्र वेगळं. तिचा लेप गरम नसतो, तो त्वचेला झोंबतो. हा झोंबरेपणा मोहरी भिजल्यावर एका विकरामुळे (एन्झाइममुळे) तयार होतो आणि उकळतं पाणी ते विकरच मारून टाकतं. म्हणून जुन्या परिचारिका मोहरी कोमट पाण्यातच कालवत. पंधरा-वीस मिनिटांपलीकडे ठेवला की फोड येतात. लहान मुलांना तर हा लेप लावूच नये.

सगळ्यात जास्त इजा होते ती ओल्या शेकाने. फ्लॅनेलचा तुकडा टॉवेलच्या मधोमध ठेवून त्यावर उकळतं पाणी ओतत आणि टॉवेलची दोन्ही टोकं उलट्या दिशांनी पिळत, अगदी थेंबही गळायचा थांबेपर्यंत. कापडात पाणी उरलं की तेच भाजतं. मग तुकडा झटकून आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूला लावून बघत. ही पायरी कधीच गाळू नका. त्वचेला ४४ अंश सेल्सिअसची ऊब सलग ६ तास लागली तरी भाजतं, हे मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या संशोधकांनी १९४७ साली दाखवलं. ६० अंशांना काही सेकंद पुरतात. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या माणसाला चटका बसलेला कळतही नाही, त्याच्या पायांना शेक नकोच.

पोट दुखतंय म्हणून शेकत बसणं ही जुनी आणि जीवघेणी चूक. अपेंडिक्सला सूज असेल तर शेकाने दुखणं जरा दबतं आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. उघड्या जखमेवरही पोटीस बांधू नका. पू होणं हे बरं होण्याचं लक्षण मानलं जाई, त्या काळातली ती रीत. जोसेफ लिस्टर या ब्रिटिश शल्यविशारदाने १८६७ साली जंतुनाशक पद्धत मांडली आणि पुढे जखमेवर पोटीस बांधायची रीत मागे पडली.

रांजणवाडीला मात्र डॉक्टर आजही शेकच सांगतात: स्वच्छ कापड, सोसवेल इतकं गरम पाणी, दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. कापड दोन मिनिटांत निवतं, ते पुन्हा पुन्हा बुडवायला लोक विसरतात. आणि रांजणवाडी पिकलेली दिसली तरी पिळू नका. ती आपोआप फुटू द्या.