लेन्सची घरगुती चाचणी: कशावर विश्वास ठेवावा, कशावर नाही

दोन लेन्सनी काढलेल्या फोटोंचे कोपरे शेजारीशेजारी ठेवले आणि एक धूसर दिसला, की निकाल लागल्यासारखं वाटतं. पण फोकस जरासा चुकला, चार्ट (चाचणीसाठी बारीक रेषा छापलेला सपाट कागद) एका बाजूने किंचित वळलेला असला किंवा शटर दाबताना कॅमेरा हलला, तरी कोपरा अगदी तसाच धूसर येतो. म्हणून कुणाचीही तुलना वाचताना आधी हे शोधा: तीच लेन्स पुन्हा तपासली तेव्हा निकाल तोच आला का?

स्वतः चाचणी करताना हे काम दहा मिनिटांचं आहे. एकाच लेन्सने, एकाच अ‍ॅपर्चरला (लेन्समधल्या प्रकाश येण्याच्या छिद्राच्या एकाच आकाराला) पाच फोटो काढा आणि दर फोटोआधी फोकस पूर्ण बिघडवून नव्याने लावा. या पाचांतल्या सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट फोटोतला फरक दोन लेन्समधल्या फरकाइतकाच भरला, तर त्या चाचणीतून काहीही ठरत नाही. हौशी तुलनांत ही पायरी क्वचितच दिसते, आणि तिच्याशिवाय बाकीची मेहनत वाया जाते.

दुसरा प्रश्न नगाचा. आतली एखादी काच अक्षापासून किंचित सरकलेली किंवा तिरकी बसलेली असते, त्यामुळे एकाच मॉडेलचे दोन नग वेगळे निघतात. अमेरिकेतल्या लेन्सरेंटल्स या भाड्याने लेन्स देणाऱ्या कंपनीचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी एकाच मॉडेलचे अनेक नग ऑप्टिकल बेंचवर (लेन्स मोजण्याच्या यंत्रावर) तपासून हे वारंवार दाखवलं आहे. झूम लेन्समध्ये ही तफावत जास्त आढळते. म्हणून एकच कोपरा दाखवणारी तुलना बाजूला ठेवा, चारही कोपरे मागा. डावा धारदार आणि उजवा मऊ असेल, तर तो दोष डिझाइनचा नव्हे. तो त्या नगाचा की मांडणीचा, हे पाहण्यासाठी कॅमेरा ट्रायपॉडवर उलटा, म्हणजे १८० अंश फिरवून लावा. मऊपणा फ्रेमच्या त्याच बाजूला राहिला तर दोष लेन्सचा. तो चार्टच्या त्याच भागाला चिकटून राहिला तर मांडणी वाकडी आहे.

मांडणी सरळ करायला आरसा पुरतो. छोटा सपाट आरसा चार्टच्या मध्यावर घट्ट टेकवा. लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावर) लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मधोमध येईपर्यंत कॅमेरा सरकवा आणि वळवा. मग आरसा काढा. स्टॅबिलायझेशन (हात हलणं सावरणारी यंत्रणा) बंद, सर्वांत कमी नेहमीचा आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता), किमान २ सेकंदांचा टायमर आणि सोय असेल तर इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरचा धक्का कमी करणारी सोय). फोकस हाताने, १० पट मोठं करून, आणि ज्या अ‍ॅपर्चरला फोटो काढायचा त्याच अ‍ॅपर्चरला लावा, कारण एफ/१.४ सारख्या खूप मोठ्या अ‍ॅपर्चरच्या काही लेन्समध्ये अ‍ॅपर्चर लहान केल्यावर फोकसची जागा सरकते.

चार्टचा आकारही विचारा. फुल फ्रेमवर (३६×२४ मिमीच्या सेन्सरवर) ५० मिमी लेन्सने ए३ कागद आडवा भरायचा तर अंतर जेमतेम ६३ सेंटिमीटर उरतं. ए० कागदाला सुमारे १.७ मीटर. इतक्या जवळचा निकाल डोंगररांगेच्या फोटोला लावणं चूक आहे. त्यात सपाट चार्टमुळे वक्र फोकस-पृष्ठ असलेली, म्हणजे सपाट प्रतलाऐवजी वाकलेल्या पृष्ठावर फोकस करणारी लेन्स नाहक मार खाते: मध्यावर फोकस केला की कोपरे मऊ. कोपऱ्यावर फोकस करून दुसरा फोटो घ्या. कोपरा धारदार झाला, तर तिथे लेन्स कमी पडत नव्हती, फोकसच दुसरीकडे होता.

लांबच्या इमारतीवर टेलिफोटो तपासायची असेल तर एप्रिल-मेची दुपार टाळा. तापलेल्या गच्चीवरची थरथरती हवा कोणत्याही लेन्सला मऊ दाखवते. सूर्योदयानंतरचा पहिला तास चांगला.

‘एफ/१६ ला (खूप लहान अ‍ॅपर्चरला) दोन्ही सारख्याच’ या निष्कर्षाला फारसा अर्थ नाही. तिथे विवर्तनाने (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) प्रकाशबिंदूचा ठिपका सुमारे २१ मायक्रॉनचा होतो आणि २४ मेगापिक्सेल फुल फ्रेमचा पिक्सेल असतो ६ मायक्रॉनचा. फरक झाकला जाणारच. जेपेगवरच्या तुलनेलाही कमी महत्त्व द्या. कॅमेरा स्वतःच्या कंपनीच्या लेन्सचं डिस्टॉर्शन (सरळ रेषा वाकणं) आणि काळवंडलेले कोपरे गुपचूप दुरुस्त करतो, अ‍ॅडॉप्टरवरच्या जुन्या लेन्सला ती मदत मिळत नाही. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) उघडणारी काही सॉफ्टवेअरही हेच करतात, म्हणून प्रोफाइल (लेन्सची आपोआप दुरुस्ती) बंद केलं होतं का ते पाहा. फिल्मसाठी घडवलेल्या रुंद कोनाच्या रेंजफाइंडर (आत आरसा नसलेल्या जुन्या धाटणीच्या कॅमेऱ्यांच्या) लेन्सचे कोपरे तर सेन्सरवरच्या काचेमुळेच फिसकटतात. मायक्रो फोर थर्ड्स या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांवर ती काच सुमारे ४ मिमी जाड असते.

फ्लेअर (तीव्र प्रकाशाने फोटोत येणारे डाग व धुरकटपणा), बोकेचा (फोकसबाहेरच्या पार्श्वभूमीतल्या ठिपक्यांचा) आकार, डिस्टॉर्शन, फोकस बदलताना चित्राचं लहानमोठं होणं या गोष्टी मुख्यतः डिझाइनच्या आहेत आणि नगागणिक फारशा बदलत नाहीत. त्या दाखवणारी हौशी चाचणी एका नगावर केलेली असली तरी खुशाल विश्वास ठेवा. फ्लेअरच्या बाबतीत मात्र फिल्टर काढला होता ना, आणि लेन्स जुनी असेल तर आत धुरकटपणा किंवा बुरशी नव्हती ना, एवढं तपासा. कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या वापरलेल्या लेन्समध्ये हे हमखास पाहावं: दोन्ही टोपणं काढून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, मागून टॉर्च तिरका मारा.

धारदारपणासाठी शेवटी आपलाच नग तपासावा लागतो, आणि तोही परत करण्याची मुदत संपण्याआधी. सर्वांत मोठ्या अ‍ॅपर्चरला दूरचा एक बारीक तपशील आधी मध्यावर फोकस करा, मग फोकस न हलवता कॅमेरा वळवून तोच तपशील चारही कोपऱ्यांत आणा. चारही सारखेच मऊ असतील तर लेन्स तशीच आहे; एकच कोपरा वेगळा पडला आणि दुसऱ्या दिवशीही तोच पडला, तर नग बदलून घ्या.