रोबोटचा बोर्ड वायर करताना: कोकणातल्या नव्या टीमसाठी

रोबोकॉनच्या, म्हणजे कॉलेजांच्या रोबोट स्पर्धेच्या, टीममध्ये नवी मुलं आली की अर्धी कोडिंगकडे धावतात, अर्धी मेकॅनिकलकडे. उरलेल्यांच्या वाट्याला बोर्ड येतो, म्हणजे बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंत सगळी वायरिंग बसवलेली पाटी. तारा तर जोडायच्या, त्यात काय एवढं, असं सगळ्यांना वाटतं. रत्नागिरीत इंजिनिअरिंग करताना माझ्या बहुतेक संध्याकाळी या बोर्डापाशी गेल्या, म्हणून हे लिहितोय. ओहमचा नियम, पीडब्ल्यूएम, मोटर ड्रायव्हर हे तुम्हाला येतं असं धरतो.

आधी मांडणी. जास्त करंटचा सगळा कारभार एका बाजूला ठेवा: बॅटरी, मेन फ्यूज, इमर्जन्सी स्टॉपचा कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारा मोठा स्विच), बसबार (सगळ्या तारा जिथे येऊन मिळतात ती धातूची पट्टी), मोटर ड्रायव्हर. याच क्रमाने आणि जमेल तितक्या आखूड तारांनी. कंट्रोलर, एन्कोडरच्या (चाकाचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरच्या) तारा, आयएमयू (रोबोटचा कल आणि वळण मोजणारा सेन्सर) दुसऱ्या टोकाला. मोटरच्या तारा आणि सिग्नलच्या तारा ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडा. एका जुडीत बांधून नेल्यात तर एन्कोडर मोजू नये ते मोजायला लागेल. मोटरचं आणि कंट्रोलरचं ग्राउंड बसबारवर एकाच ठिकाणी भेटू दे, वाटेत कुठेही नको. भोकं पाडण्याआधी सगळे भाग पुठ्ठ्यावर ठेवून बघा आणि प्रत्येक स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर सरळ उभा राहतो का ते पाहा. राहत नसेल तर ती मांडणी मोडा. ज्या स्क्रूपर्यंत हात पोचत नाही तो स्पर्धेच्या ठिकाणी कोणी आवळत नाही.

इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण विकत घेताना त्याचा कॉन्टॅक्ट किती अँपियरचा आहे ते वाचा. पॅनलवरच्या बटणांचे कॉन्टॅक्ट साधारण १० अँपियरचे, तेही एसीसाठी. रोबोटचा सगळा डीसी करंट त्यातून नेलात तर कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटतात आणि बटण दाबूनही रोबोट थांबत नाही. बटणाने फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा करंट तोडायचा, मोठा करंट कॉन्टॅक्टरने. यात काटकसर करू नका. समोर माणसं उभी असतात.

आता ज्याने आम्हाला सगळ्यात जास्त छळलं ते. चाकं अधांतरी ठेवून टेबलावर रोबोट उत्तम चालायचा. जमिनीवर ठेवून एकदम वेग घेतला की कंट्रोलर रीसेट. कंट्रोलर ईएसपी३२ होता, सीरियल मॉनिटरवर ब्राउनआउटचा, म्हणजे व्होल्टेज खाली गेल्याचा, मेसेज यायचा. बॅटरी बदलली, बक कन्व्हर्टर (बॅटरीचं व्होल्टेज कंट्रोलरसाठी कमी करणारं मॉड्यूल) बदलला, कोडमध्ये वेग हळूहळू वाढवला. मल्टिमीटरचा बझर सगळीकडे वाजत होता, म्हणजे जोड ठीक, असं सगळे धरून चाललो होतो. दोष बसबारनंतरच्या स्क्रू टर्मिनलमध्ये होता. टीममध्ये पूर्वीपासूनची पद्धत अशी, की बहुपदरी तार सोलायची, टोकाला सोल्डर पाजायचं आणि मग ते टोक स्क्रूखाली घालायचं. दिसायला एकदम स्वच्छ, एकही केस बाहेर नाही.

हेच करू नका. सोल्डर मऊ असतं. ६३-३७ चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) नेहमीचं सोल्डर १८३ अंशाला वितळतं, पण दाबाखाली ते नेहमीच्या हवेतही हळूहळू पसरतं. आज घट्ट आवळलेला स्क्रू आठवड्याभराने सैल असतो, आणि स्क्रू फिरलेला नसतो, खालचं सोल्डरच चपटं झालेलं असतं. दाब गेला की जोडाचा रोध वाढतो. तो नुसता ०.०२ ओहम झाला आणि ४० अँपियर वाहिले, तर तिथे ०.८ व्होल्ट पडतात आणि ३२ वॅट उष्णता होते. टर्मिनलएवढ्या जागेत ३२ वॅट. सोल्डर आणखी मऊ, जोड आणखी सैल. मग एका हादऱ्यात तो क्षणभर सुटतो, आणि कंट्रोलरचा सप्लाय त्याच टर्मिनलवरून असेल तर रीसेट व्हायला तेवढा क्षण पुरतो. बझर हे पकडू शकत नाही. तो कित्येक ओहम असले तरी वाजतो. मीटर मिलिव्होल्टवर ठेवा, दोन्ही टोकं जोडाच्या अलीकडे-पलीकडे लावा, मोटरवर लोड द्या आणि बघा. शेजारच्या सारख्याच जोडापेक्षा आकडा बराच मोठा आला की जोड सापडला.

आम्हाला हे कोणत्या व्हिडिओने शिकवलं नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरची वायरिंग करणारे एक काका आहेत, त्यांनी टर्मिनल उघडून बघितलं आणि म्हणाले, "बाळा, तारेच्या टोकाचा दगड केलास. आता तो स्क्रूला धरणार कसा?" त्यांनी बोटीची तारही दाखवली. तिच्यातली प्रत्येक बारीक तार कारखान्यातूनच कथील चढवून येते, खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडू नये म्हणून. पण पदर सुटे असतात, तार लवचीक राहते, स्क्रूखाली नीट दबते. आपण टोकाला सोल्डर पाजतो तेव्हा सगळे पदर एकजीव होतात. दोन्ही वरून चंदेरीच दिसतात, म्हणून गफलत होते. माझं स्पष्ट मत आहे: कोकणातल्या टीमने मेंटॉर शोधायचा तर आधी बंदरावर जावं. हादरे, मीठ आणि ओल या तिन्हींशी रोज झुंजणारा माणूस दुसरीकडे मिळणार नाही.

उपाय स्वस्त आहे. स्क्रू टर्मिनलसाठी फेरूल (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची नळी), बोल्टसाठी रिंगचं थिंबल, दोन्ही तारेच्या मापाचे. अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) तार चारच्या थिंबलमध्ये घालू नका. थिंबल तारेवर दाबून बसवायला (म्हणजे क्रिंप करायला) रॅचेटवालं क्रिंपिंग टूल घ्या, पक्कडीने दाबलेलं क्रिंप म्हणजे नुसता देखावा. क्रिंप झालं की जोर लावून ओढा. सुटलं तर चांगलंच, आत्ता सुटलं. आणि क्रिंपवर वरून मजबुतीसाठी सोल्डर मारू नका. ते तारेत वर चढतं, आणि जिथे थांबतं तिथे हादऱ्याने तार तुटते.

सोल्डरिंग जमत नाही म्हणून कोणी मागे राहत असेल तर घाबरू नका. चांगल्या बोर्डावर मोठ्या करंटचा जवळपास प्रत्येक जोड क्रिंपचा असतो, आणि क्रिंपिंग एका दुपारीत हातात बसतं.

आपल्याकडच्या हवेचं मात्र वेगळं. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यात पीसीबीवर फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट राळेसारखा पदार्थ) राहिला असेल तर पावसाळ्यात पार्ट्सच्या पायांमध्ये हिरवट बुरशीसारखा थर दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून पुसा, कनेक्टर झाकून कॉन्फॉर्मल कोटिंग (पीसीबीवरचा संरक्षक लेप) द्या. जून ते सप्टेंबर बोर्ड घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. वर्कशॉपच्या खिडकीत तर कधीच नको.

कॅन बस (कंट्रोलर आणि ड्रायव्हर यांना जोडणारी दोन तारांची सिग्नल लाइन) वापरत असाल तर पॉवर बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो मध्ये मोजा, ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर नाही. बक मॉड्यूलवरच्या स्क्रूने हवं ते व्होल्टेज ठरवून झालं की तो स्क्रू नेलपॉलिशच्या थेंबाने पक्का करून टाका.

पहिली पॉवर बॅटरीने देऊ नका. लायपो बॅटरीला करंट किती द्यायचा ते कळत नाही, चुकीच्या तारेतून ती तार जळेपर्यंत देते. बेंच सप्लाय (लॅबमधला करंटची मर्यादा लावता येणारा पॉवर सप्लाय) एक अँपियरवर मर्यादित ठेवा, ड्रायव्हर काढून फक्त कंट्रोलरची बाजू चालू करा, मग एकेक ड्रायव्हर जोडा. कॉलेजमध्ये बेंच सप्लाय मोकळा नसेल तर थांबा. "एकदा लावून बघू" म्हणणारा सीनियर कितीही हुशार असो, त्याचं ऐकू नका.

स्पर्धेला गाडीने निघालात की आंबा घाट उतरत-चढत बोर्ड जितका हलतो तितका तो मैदानावरही हलत नाही. पोचल्यावर रोबोट चालू करायच्या आधी सगळे स्क्रू परत आवळा, प्रत्येक थिंबल ओढून बघा. आवळलेल्या स्क्रूवर मार्करने आरपार रेघ मारा, म्हणजे पुढच्या सामन्याआधी कोणता फिरला ते बघताक्षणी कळेल. हे काम एकाच मुलाकडे किंवा मुलीकडे द्या आणि तेवढा वेळ त्याला दुसरं काहीही सांगू नका.