पब्लिक पॉलिसीच्या प्रवेशाची वाट पाहताना

अमेरिकेतले बहुतेक निकाल मार्चमध्ये लागतात. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे ५ वाजतात तेव्हा सांगलीत रात्रीचे २.३० (मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत ३.३०). जागरण नको; सकाळी पोर्टल आणि स्पॅम दोन्ही बघा.

तोवर कर्जाची फाइल लावा. घोडं इथंच अडतं: शेतजमीन बहुतेक बँका तारण घेत नाहीत, मग सातबारा कितीही मोठा असो. घर किंवा एनए प्लॉटची कागदपत्रं, आईवडिलांची आयकर विवरणपत्रं काढून ठेवा. पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा दिल्याशिवाय आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा फॉर्म) मिळत नाही.

वेटलिस्ट (प्रतीक्षा यादी) आली आणि विद्यापीठाला तुमचं पत्र चालत असेल, तर एकच पान लिहा: नवे गुण, नवं काम, बस्स. शिष्यवृत्तीसह आलेल्या ऑफरला अनेक विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत उत्तर देता येतं. मुदतवाढ हवी तर ईमेलवर मागा, फोनवर नाही.