लंग-चिपमध्ये रातोरात येणारे बुडबुडे: माझा अनुभव

लंग-चिप म्हणजे फुफ्फुसाच्या पेशी वाढवायची छोटी चिप. लक्षण असं: पीडीएमएसची (सिलिकोन रबराची) दोन चॅनेलची चिप फ्लोला (सतत वाहत्या द्रवाला) जोडली की संध्याकाळी सगळं ठीक. सकाळी खालच्या चॅनेलमध्ये बुडबुडा आणि त्याच्या कडेने एंडोथेलियल (रक्तवाहिनीच्या अस्तराच्या) पेशींचा थर पापुद्र्यासारखा सुटलेला. फ्लो वाढवला तर बुडबुडा पेशी ओरबाडतच पुढे सरकला. ट्यूबिंग बदलूनही तेच. वैताग आला होता.

खोट मीडियममध्ये (पेशींना पोसणाऱ्या द्रवात) होती. फ्रिजमधल्या थंड मीडियममध्ये वायू जास्त विरघळलेला असतो, तो 37 अंशांवर चिपमध्येच बाहेर पडतो.

आता आधी मीडियम 37 अंशांच्या वॉटरबाथमध्ये किमान 1 तास. गार होण्याआधीच 0.22 मायक्रॉनच्या व्हॅक्यूम फिल्टरमधून गाळून 5 मिनिटं व्हॅक्यूमखाली (सीरम असेल तर व्हॅक्यूम हळूहळू वाढवा, फेस येतो). मीडियमची ट्यूब न हलवता त्याच कोमट मीडियमने ट्यूबिंग भरा, टोकाला थेंब दिसेपर्यंत. चिपच्या चारही पोर्टवर (चॅनेलच्या तोंडांवर) थेंब ठेवा आणि थेंबाला थेंब टेकवूनच ट्यूबिंग जोडा. थेंब ठेवताना पिपेट शेवटपर्यंत दाबू नका, तिथूनच हवा शिरते. मग तासाला 30 मायक्रोलिटर फ्लो. 2 तासांनी पोर्टचा कोपरा मायक्रोस्कोपखाली बघा. बुडबुडा असलाच तर तिथेच अडकलेला सापडतो.