ग्रामीण महाविद्यालयाने आपले माजी विद्यार्थी कसे जोडून ठेवावेत

विदर्भात तालुक्याच्या गावी असलेल्या बहुतेक वरिष्ठ महाविद्यालयांत माजी विद्यार्थी संघ असतोच. त्याची कार्यकारिणी असते, वर्षाकाठी एखादा मेळावा होतो, शाल-श्रीफळाचे फोटो वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर येतात आणि पुढच्या मेळाव्यापर्यंत संघाची कोणाला आठवण राहत नाही. माजी विद्यार्थ्याला आपण पाहुणा समजतो, हे याचे मुख्य कारण आहे, असे माझे मत आहे. महाविद्यालयात वर्षभर जे चालते, म्हणजे शिबिर, स्नेहसंमेलन, वार्षिकांक, मैदान आणि ग्रंथालय, त्यात त्याला स्वतःचे एखादे काम मिळाले, तर तो बोलावण्याची वाट न पाहता येतो. पुढे जे सुचवले आहे ते याच समजुतीवर उभे आहे आणि त्यासाठी मोठा निधी लागत नाही.

सर्वांत आधी माजी विद्यार्थी कोणाला म्हणायचे हे ठरवावे. अनेक संघ केवळ पदवीधरांची नोंद घेतात. आपल्या भागात ही व्याख्या अन्यायाची ठरते, कारण दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडून शेतीला लागलेली मुले आणि अंतिम परीक्षेआधी लग्न होऊन गेलेल्या मुली इथे थोड्याथोडक्या नाहीत. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने कापूस नेला. तशा वर्षी ज्यांच्या घरी परीक्षा शुल्काचीही सोय झाली नाही, त्यांना आपण मोजायचे नाही काय? ज्याचे नाव प्रवेश नोंदवहीत आहे तो माजी विद्यार्थी, असा साधा नियम संघाच्या घटनेत लिहून ठेवावा.

त्यानंतरचे काम यादीचे आहे. ते कंटाळवाणे आहे, पण पुढचे सगळे त्यावर अवलंबून असते, म्हणून त्याला एक पूर्ण सत्र द्यावे. कार्यालयातील जुनी प्रवेश नोंदवही बाहेर काढावी. तिच्या रकान्यांत विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, जन्मतारीख, गाव, आधीची शाळा आणि टी.सी. नेल्याची तारीख सहसा मिळते. मोबाइल क्रमांक मात्र जुन्या पानांवर असणार नाही. म्हणून वर्षनिहाय यादीची गावनिहाय यादी करावी आणि त्या त्या गावातून सध्या शिकायला येणाऱ्या मुलामुलींच्या हाती ती द्यावी. राष्ट्रीय सेवा योजनेचा (रासेयो) स्वयंसेवक आपल्या गावाची वीस-पंचवीस नावे घेऊन पारावर, कृषी केंद्रात किंवा किराणा दुकानात विचारत गेला, तर कोण पुण्याला कंपनीत आहे, कोण जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी आहे, कोण एस.टी.त वाहक आहे आणि कोण घरची शेती पाहतो, हे गावच त्याला सांगते. या फेरीत सध्याच्या विद्यार्थ्यालाही कळते की आपल्या शेजारचे काका याच वर्गात बसून गेले आहेत, आणि ही ओळख कोणत्याही मेळाव्यात होणाऱ्या ओळखीपेक्षा पक्की असते.

माजी विद्यार्थिनींचा शोध वेगळ्या रीतीने घ्यावा लागतो. नोंदवहीत माहेरचे नाव असते, तर मोबाइलमध्ये आणि आधार कार्डावर बहुधा सासरचे. यादीत दोन्ही नावांसाठी रकाने ठेवावेत, आणि कोणाची मुलगी कोणत्या गावी दिली हे विचारायला स्वयंसेविकांनाच पाठवावे, कारण घरातील आई किंवा वहिनी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलते. क्रमांक मात्र परस्पर वाटू नये. आधी त्या बाईंना निरोप जावा आणि त्यांनी होकार दिल्यावरच नाव यादीत चढवावे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा केंद्रीय कायदा संमतीच्या तत्त्वावरच आधारलेला आहे, आणि कायदा नसता तरी गावात राहणाऱ्या बाईच्या दृष्टीने हेच योग्य ठरले असते.

यादी करताना विद्यापीठांच्या विभाजनाकडेही लक्ष ठेवावे. अमरावती विद्यापीठ 1983 मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले आणि गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये स्थापन झाले. त्यामुळे एकाच महाविद्यालयाच्या जुन्या आणि नव्या विद्यार्थ्यांच्या पदव्या दोन वेगळ्या विद्यापीठांच्या असू शकतात. गुणपत्रिकेची दुय्यम प्रत किंवा पदवी पडताळणी हवी असली की माजी विद्यार्थी पहिला फोन महाविद्यालयाच्या बाबूंनाच करतो. त्या वेळी कोणत्या सालापर्यंतचे काम नागपूरला आणि कोणत्या सालानंतरचे अमरावतीला किंवा गडचिरोलीला, हे लिहिलेला एक कागद खिडकीजवळ लावलेला असेल, तर पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची एक फेरी वाचते. महाविद्यालयाने आपल्याला ओळख दिली ही भावना अशा छोट्या कामांतून टिकते.

नव्या तुकडीसाठी हीच खिडकी सर्वांत उपयोगाची आहे. टी.सी. मागायला आलेल्या मुलाच्या हाती एक पानाचा साधा अर्ज द्यावा: नाव, गाव, घरच्या कोणाचा तरी दुसरा क्रमांक, पुढे काय करणार आहे आणि महाविद्यालयासाठी कोणते काम करायला आवडेल. दुसरा क्रमांक यासाठी की नोकरी लागली की मुले सिम बदलतात, घरचा क्रमांक मात्र सहसा तोच राहतो. अर्ज भरल्याशिवाय टी.सी. मिळणार नाही अशी अट चुकूनही घालू नये; नात्याची सुरुवात अडवणुकीने झाली तर ते पुढे टिकत नाही.

व्हॉट्सॲपचा एकच मोठा ग्रुप करू नये. तुकडीनिहाय लहान ग्रुप असावेत, प्रत्येकाचा एक समन्वयक असावा आणि महाविद्यालयाने केवळ या समन्वयकांशी बोलावे. राजकारणाच्या आणि जातीच्या पोस्ट, शुभसकाळच्या चित्रांचा भडिमार आणि निवडणुकीचा प्रचार यांना पहिल्या दिवसापासून मनाई ठेवावी. यात समन्वयकाने कठोर राहिले पाहिजे, कारण ग्रुप सोडून गेलेला माणूस बहुधा महाविद्यालयाचाच संबंध सोडतो. महिन्यातून एकदा महाविद्यालयाची खबर मात्र न चुकता जावी, आणि ती माणसांची असावी: पोलीस भरतीत कोण निवडले गेले, कोणते सर निवृत्त होत आहेत, ग्रंथालयात कोणती पुस्तके हवी आहेत, आवारातील कोणते जुने झाड वादळात पडले.

आता मेळाव्याच्या तारखेकडे येऊ, कारण बहुतेक मेळावे तारखेमुळेच फसतात. महाविद्यालय आपल्या सोयीने फेब्रुवारीतला एखादा कामाचा दिवस धरते. त्या दिवशी पुण्या-मुंबईची मुले येऊ शकत नाहीत आणि शेतकरी हरभऱ्यात गुंतलेला असतो. बाहेरगावची माणसे दिवाळीत घरी येतात. नेमके तेव्हाच महाविद्यालय सुट्टीमुळे बंद असते. म्हणून भाऊबीजेच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मेळावा ठेवावा. लेकीबाळी त्या दिवसांत माहेरी आलेल्या असतात, त्यामुळे माजी विद्यार्थिनींची उपस्थिती वाढवण्याचा दुसरा इतका चांगला दिवस वर्षात नाही. प्राचार्यांनी आणि दोन-चार शिक्षक व शिपायांनी तेवढा एक दिवस सुट्टीत यावे आणि त्याची बदली रजा आधीच मंजूर करून घ्यावी. तारीख आषाढातच कळवावी, कारण ट्रॅव्हल्स आणि रेल्वेची परतीची तिकिटे दिवाळीच्या कितीतरी आधी संपतात. शेतकरी माजी विद्यार्थ्यांसाठी वेगळी, छोटी बैठक पोळा आटोपल्यावर घ्यावी. तोवर डवरणी आणि निंदण बऱ्याच अंशी उरकलेले असते आणि सोयाबीन काढणीला अवकाश असतो. उन्हाळ्यातील मेळाव्याचा विचार सोडून द्यावा. लग्नसराई आणि पंचेचाळीस अंशांचे ऊन यांपुढे कोणताही कार्यक्रम तग धरत नाही.

मेळाव्याच्या दिवशी व्यासपीठ शक्य तितके लहान ठेवावे. भाषणे, सत्कार आणि प्रास्ताविक मिळून पाऊण तासाच्या आत संपवावे आणि मग सगळ्यांना त्यांच्या जुन्या वर्गखोल्यांत पाठवावे. प्रत्येक खोलीच्या दारावर सालांची पाटी लावावी, आत त्या काळचे हजेरीपट आणि स्नेहसंमेलनाचे जुने फोटो मांडावेत आणि त्या काळी शिकवणाऱ्या एखाद्या निवृत्त शिक्षकांना तिथे बसवावे. हजेरी खरोखर घ्यावी. सर जुन्या क्रमाने नावे पुकारतात, कोणी तीस वर्षांनी "हजर सर" म्हणतो, मधल्या एखाद्या नावाला उत्तर येत नाही आणि मागच्या बाकावरून हळूच कोणी सांगते की तो गेला. त्या अर्ध्या तासात तुकडी पुन्हा तुकडी होते. येण्याआधी मुली फोन करून विचारतात, "मॅडम, लेकरं घेऊन आलो तर चालते ना?" त्यांना मोकळेपणाने हो म्हणावे आणि मुलांसाठी एक खोली, दोन सतरंज्या आणि सांभाळायला स्वयंसेविका ठेवाव्यात.

जेवणासाठी कॅटरर लावण्याऐवजी रोडग्यांचा बेत करावा, असा माझा आग्रह आहे. आवारात गोवऱ्यांचा जगरा पेटवायचा, कणकेचे रोडगे त्यात भाजायचे, बाजूला मोठ्या गंजात वांग्याची भाजी आणि वरण. हे काम सकाळपासून चालते आणि ते करता करता माणसे बोलतात. बँकेचा अधिकारी आणि रोजमजुरी करणारा त्याचा वर्गमित्र जगऱ्याजवळ बसून राख झटकत असले की खुर्च्यांच्या रांगांत जाणवणारे अंतर उरत नाही. पंगत सध्याच्या विद्यार्थ्यांनी वाढावी आणि त्यांची पंगत माजी विद्यार्थ्यांनी. दुपारी चारपर्यंत सगळे आटोपावे, कारण खेड्यावर जाणारी शेवटची एस.टी. चुकली तर पुढच्या वर्षी ती व्यक्ती येत नाही.

मेळावा वर्षातला एक दिवस झाला. उरलेल्या दिवसांत परंपरांनी नाते सांभाळायचे असते. आपल्याकडे यासाठी सर्वांत चांगली जागा रासेयोचे सात दिवसांचे निवासी शिबिर आहे. 1969 मध्ये सुरू झालेल्या या योजनेतून विदर्भातील अनेक पिढ्या गेल्या आहेत. पहाटेची फेरी, श्रमदान, दुपारचे बौद्धिक आणि संध्याकाळची तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना हा क्रम वडिलांच्या वेळी होता तसाच मुलाच्या वेळी आहे. शिबिरासाठी निवडलेल्या दत्तक गावात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना शिबिराच्या तयारीतच घ्यावे: मुक्कामाची शाळा, पाण्याची टाकी आणि श्रमदानाची जागा त्यांनी ठरवावी. एका संध्याकाळी जुन्या शिबिरार्थींना प्रार्थनेसाठी बोलवावे आणि त्यांच्या काळी बांधलेला बंधारा किंवा खोदलेले शोषखड्डे आज कोणत्या स्थितीत आहेत हे मुलांना त्यांच्याकडून ऐकू द्यावे.

वार्षिकांकात माजी विद्यार्थ्यांसाठी काही पाने राखून ठेवावीत आणि त्यांत यशोगाथा छापण्यापेक्षा कामाची माहिती मागावी. तलाठी सांगेल की फेरफार कसा नोंदवला जातो, परिचारिका सांगेल की रात्रपाळी कशी असते. मैदानावरही माणसे लागतात. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे धावतात. मुलांसाठी 1600 मीटर, मुलींसाठी 800 मीटर आणि गोळाफेक हे प्रकार ज्याने स्वतः पार केले आहेत, तो सुट्टीवर आलेला पोलीस शिपाई घड्याळ घेऊन उभा राहिला तर त्या मुलांना दुसरा प्रशिक्षक शोधावा लागत नाही.

पैशाचा विषय पहिल्या मेळाव्यात काढूच नये. संघाचे काम वर्ष-दोन वर्षे लोकांनी पाहिल्यावर, एका ठरलेल्या कामासाठी मागावे: पुस्तकपेढी, परीक्षा शुल्क किंवा एस.टी.चा मासिक पास. संघाची नोंदणी संस्था नोंदणी अधिनियम, 1860 आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 यांखाली धर्मादाय कार्यालयात करावी. त्यासाठी किमान सात सदस्य लागतात. देणगी संघाच्या बँक खात्यातच घ्यावी. आयकर सवलतीची मान्यता मिळाली तरी 2000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती सवलत लागू होत नाही, हे पावती देणाऱ्याला ठाऊक असावे. परदेशात नोकरी करणाऱ्या, पण भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या माजी विद्यार्थ्याची स्वतःच्या बचतीतील देणगी विदेशी योगदान ठरत नाही. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले त्याची ठरते, आणि ती घेण्यासाठी केंद्राची स्वतंत्र परवानगी लागते. जमा-खर्च वर्षातून एकदा सूचना फलकावर आणि सगळ्या ग्रुपांवर लावावा, मग रक्कम कितीही लहान असो.

शेवटी कारभारातील जागेविषयी. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 प्रमाणे महाविद्यालय विकास समितीत घ्यावयाच्या चार स्थानिक सदस्यांपैकी किमान एक माजी विद्यार्थी असावा लागतो, आणि या समितीच्या वर्षातून किमान चार बैठका व्हाव्या लागतात. ही जागा अनेकदा व्यवस्थापनाच्या मर्जीतील माणसाने भरली जाते आणि बाकीच्या माजी विद्यार्थ्यांना तिचा पत्ताही नसतो. संघाने प्राचार्यांना लेखी पत्र देऊन दोन-तीन नावे सुचवावीत आणि त्यांत एक नाव बाईंचे असावे. निवड झालेल्या सदस्याने बैठकीआधी समन्वयकांना विचारून विषय गोळा करावेत आणि बैठक झाल्यावर आठवड्याच्या आत काय ठरले ते सर्व तुकड्यांना कळवावे. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण असतात, म्हणून काही ठिकाणी ही सारी कामे फाइलसाठी होतात. बैठकांचे इतिवृत्त, शिबिराची नोंदवही आणि पंगतीचा हिशेब वेळच्या वेळी ठेवला, तर फाइल वेगळी तयार करावी लागणार नाही.